वसतिगृहाचं गेट किती वाजता बंद होतं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी खुलताबाद तालुक्यातली. बीए गावाजवळच्या कॉलेजात झालं, आता पुण्यात समाजशास्त्राच्या एमएचं पहिलं वर्ष. ‘लिंगभाव, वंश आणि विविधता’ हा पेपर घेतलाय. ती लिहिते: “मॅडम, निम्मे तास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच जातात. आमचा त्यांच्याशी काय संबंध? आणि जातीचा विषय निघाला की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघतो. प्रबंधाला विषय हवाय. सर म्हणतात, ‘स्वतःच्या अनुभवावर लिही, हल्ली तेच चालतं.’ लिहू का? इंग्रजी येत नाही म्हणून मी वर्गात गप्पच असते.”

अगं, हा एक प्रश्न नाही, चार आहेत. मी हा विषय २६ वर्षं शिकवला. त्यातली सात वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, चार वर्षं अंतर्गत तक्रार समितीवर. त्यामुळे उत्तर लांबेल. प्रबंधाच्या विषयापासून सुरू करते, बाकीचं त्यातूनच निघेल.

‘ग्रामीण भागातील दलित स्त्रियांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे शीर्षक घेऊ नकोस. दरवर्षी असे चार-पाच प्रबंध माझ्या टेबलावर यायचे. शंभर जणींची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, शेवटी शासनाला आठ शिफारशी. लिहिणारीला त्यातून नवं काही कळायचं नाही आणि वाचणाऱ्या मला झोप यायची. खोट मुलींमध्ये नव्हती. ‘समस्या’ म्हटलं की आपण दूर कुठेतरी बघतो, आणि आपण जिथे झोपतो-जेवतो ती जागा नजरेतून सुटते. म्हणून तुला एकच सांगते: तुझ्या वसतिगृहाचं गेट किती वाजता बंद होतं ते बघ, आणि तिथून सुरुवात कर.

मी हा प्रयोग वर्गात करून घ्यायचे. एका आठवड्याची वही. प्रत्येकाने अभ्यासिकेत कधी गेलो, कधी निघालो आणि का निघालो एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही, भावना लिहायच्या नाहीत. आमची अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असायची आणि मुलींच्या वसतिगृहाचं गेट साडेनऊला बंद. दारावर पाटी होती, ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली’, आणि पाटी खोटी नव्हती. पण साडेनऊ ते बारा म्हणजे दिवसाला अडीच तास, आणि ९० दिवसांचं सत्र धरलं तर २२५ तास. एका पेपरला सत्रभरात ६० तास शिकवतात. म्हणजे जवळजवळ चार पेपरांइतका वेळ एका गेटने घेतला, आणि तो कोणीही मुद्दाम घेतलेला नव्हता. कुलगुरूंपासून वॉचमनपर्यंत कोणालाही विचारलं असतं तरी ‘आमच्याकडे मुलामुलींत भेदभाव नाही’ असंच उत्तर आलं असतं, तेही मनापासून.

इथवर सोपं आहे. मुलींवर अन्याय, गेट उघडा, प्रबंध संपला. पण वह्या नीट वाचायला घेतल्या की गुंता दिसायला लागतो आणि खरा विषय तिथेच असतो.

एका वहीत एक मुलगी लिहिते: मी शहरातलीच, घरी राहते, मला गेट नाही. पण सात वाजता निघते, कारण आईची रात्रपाळी असते आणि भाकरी मला टाकायच्या असतात. एक मुलगा रोज सहालाच निघायचा. मला तो आळशी वाटायचा. वहीत होतं की सहा ते अकरा तो पार्सलं पोचवतो, कारण स्कॉलरशिपचे पैसे मार्चपर्यंत येत नाहीत आणि खोलीमालक मार्चपर्यंत थांबत नाही. तिसऱ्या एका मुलीच्या वहीत सातही दिवस ‘बाराला निघाले’. ती प्राध्यापकांच्या कॉलनीत राहायची, वडील न्यायला यायचे. म्हणजे मुलगी असूनही तिला गेट नव्हतं, आणि मुलगा असूनही त्या पोराला अभ्यासिका नव्हती.

आता तू ज्यावर वैतागली आहेस त्या अमेरिकेकडे ये. तिथल्या जनरल मोटर्स कंपनीवर पाच कृष्णवर्णीय बायकांनी खटला भरला होता. कंपनीने १९६४पूर्वी कृष्णवर्णीय बायका कामावर घेतल्याच नव्हत्या. सत्तरच्या दशकात मंदी आली, तेव्हा ‘शेवटी लागलेले आधी कमी’ या नियमाने नेमक्या याच बायका बाहेर पडल्या. कोर्टाने १९७६मध्ये निकाल दिला तो असा: कंपनीत बायका आधीपासून आहेत, म्हणजे बायकांवर अन्याय नाही, वंशाची तक्रार असेल तर ती कंपनीवर आधीच चालू असलेल्या दुसऱ्या खटल्यात न्या, आणि दोन्ही एकत्र करून तिसरा गट मानता येणार नाही. आता आधीपासून असलेल्या त्या बायका म्हणजे गोऱ्या बायका, हे सगळ्यांना दिसत होतं. पण कायद्याच्या रकान्यांत ते बसत नव्हतं. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९मध्ये याच खटल्यावरून जी कल्पना मांडली तिला आपण मराठीत ‘आंतरछेदिता’ म्हणतो. शब्द जडच आहे, मलाही कधी आवडला नाही. पण शब्द सोडून दे, खटला लक्षात ठेव. नियम दिसायला सगळ्यांना सारखा, आणि तोटा नेमका एका कोपऱ्यातल्या माणसांना. तुझ्या अभ्यासिकेत तेच चाललंय. हा एक संबंध.

दुसरा संबंध तुझ्या गावाजवळच पुरलेला आहे. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, तू लहानपणी सहलीला गेली असशील. त्याने शहराला पाणी आणण्यासाठी बांधलेल्या नहर-ए-अंबरीबद्दल औरंगाबादच्या प्रत्येक पोराला शाळेत सांगतात. पण हा माणूस इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, हे वंशाच्या तासाला कोणी सांगितलं का? ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे बखरींपासून आहे, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत. आफ्रिकेशी मराठी मुलखाचा संबंध अमेरिकेमार्गे आलेला नाही.

आणि जोतीराव फुले. त्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३मध्ये छापलं तेव्हा अर्पणपत्रिका लिहिली ती अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटल्याबद्दल. पुण्यात बसून, शूद्रातिशूद्रांविषयीच्या पुस्तकात. बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. मुंबईत १९७२ला निघालेल्या दलित पँथरने ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं ते तुला माहीत आहेच. आपल्या माणसांनी हा संबंध दीडशे वर्षांपूर्वी जोडून ठेवला. अभ्यासक्रमात तो इंग्रजी पुस्तकातून आला म्हणून परका वाटतो, एवढंच.

एक सावधगिरी मात्र बाळग. जात म्हणजे वंश नव्हे. बाबासाहेबांनी जातीचा वांशिक सिद्धांत स्वतः खोडून काढला होता. मराठीत तर आणखी घोळ. ‘वर्णद्वेष’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमधून आपल्या कानांवर बसला, त्यातला वर्ण म्हणजे कातडीचा रंग. पण ‘वर्णव्यवस्था’ म्हणताना तोच शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. उत्तरपत्रिकेत हे दोन्ही एका वाक्यात घातलेस की परीक्षक गोंधळतो आणि तूही गोंधळतेस. तसंच ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’. आपली भाषाच बघ ना. मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीला नपुंसकलिंगी बोलतात, ‘चेडू’ नपुंसक. मराठवाड्यातही ‘कोणाचं पोरगं गं हे?’ असं मुलीलाही विचारतात. देहाचं लिंग एक, भाषेने दिलेलं दुसरं, आणि कोणी कोणत्या वयात काय करावं हे गावाने ठरवलेलं तिसरं. त्या तिसऱ्याला लिंगभाव म्हणायचं. ही उदाहरणं परीक्षेत लिही, इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती मिळणार नाहीत.

परत गेटकडे. माझ्या रेक्टरपणाच्या दुसऱ्या वर्षी मुलींनी वेळ वाढवून मागितली. मी मनातून त्यांच्या बाजूची होते. पालकांची बैठक घेतली. एक वडील परभणीकडचे, पांढरा सदरा, टोपी, शेवटच्या खुर्चीवर. ते उठले आणि म्हणाले, “मॅडम, गेट हाये म्हणून पोरगी हितं हाये. गेट काढलं तर मी तिला उद्या घिऊन जातो.” मी विचारलं, भीती कशाची आहे? रात्री रस्त्यावर काही होईल याची? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “रस्त्याचं नाही ओ. पोरगी हातची जाईल.”

हातची जाईल म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. जातीबाहेर लग्न करील.

मी त्या रात्री बाबासाहेबांचा १९१६चा निबंध पुन्हा काढला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी वाचलेला. वय २५. तू ज्या सेमिनारला घाबरतेस तसाच एक सेमिनार, तसाच एक पेपर. त्यात ते म्हणतात की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे, आणि ते टिकवायचं तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा आधी मेला तर मागे राहिलेली बाई ‘जास्तीची’ ठरते, ती जातीबाहेर लग्न करील अशी भीती. मग तिला जाळायचं किंवा जन्मभर विधवा ठेवायचं. बायको आधी गेली तर पुरुषासाठी लहान वयाची मुलगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही चालींचा उगम ते जात टिकवण्यात शोधतात.

हा निबंध मी तोवर वीस वेळा शिकवला असेन, ‘जात’ या प्रकरणाखाली. त्या वडिलांमुळे तो मला वसतिगृहाच्या गेटवर लावलेला दिसला. साडेनऊचं गेट मुलींना सांभाळत नव्हतं, जात सांभाळत होतं, आणि बिल मुलींच्या अभ्यासाच्या तासांतून वसूल होत होतं. तेव्हापासून मी ‘जात’ आणि ‘लिंगभाव’ ही दोन वेगळी प्रकरणं शिकवणं बंद केलं.

आणि तरीही गेट लगेच काढावं की नाही, याचं उत्तर मला त्या बैठकीत देता आलं नाही. कारण ते काका खोटं बोलत नव्हते. गेट नसतं तर ती मुलगी खरंच परत गेली असती. आम्ही शेवटी एक मधला मार्ग काढला: वसतिगृहातच एक अभ्यासिका, रात्रभर उघडी, चाळीस खुर्च्या. पुस्तकं मात्र नव्हती, ती मुख्य ग्रंथालयातच राहिली. तडजोड म्हणावी तर अशी. तुझ्या प्रबंधात अशी अर्धवट उत्तरं यायला हवीत. शिफारशी नकोत.

आता तुझं स्वतःचं.

सगळे वळून बघतात हे मला माहीत आहे. मी फीच्या खिडकीवर बघितलंय. एका कॉलेजात, नाव नको, क्लार्क खिडकीतून ओरडायचा, “फ्रीशिपवाले इकडे, स्कॉलरशिपवाले तिकडे, ओपन आधी या.” तीन रांगा. एका मिनिटात शंभर पोरांना एकमेकांची जात कळायची. त्याला वाईट हेतू नव्हता, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे, कागद वेगळे असतात म्हणून त्याच्या सोयीच्या तीन रांगा. आम्ही तक्रार केली तेव्हा त्याला खरंच आश्चर्य वाटलं. नंतर टोकन आलं, नंबर पुकारायला लागले आणि रांगा गेल्या. माणूस तोच, मन तेच, फक्त रांग बदलली. माणसांची मनं बदलेपर्यंत थांबायची गरज नसते हे मी त्या खिडकीवर शिकले.

वर्गात मात्र टोकन नसतं. जातीचा विषय निघाला आणि मान तुझ्याकडे वळली, तर तू बोलायला बांधील नाहीस. एखादी पाटील किंवा जोशी आडनावाची मुलगीही जातीतच राहते, तिला कोणी विचारत नाही की ‘तुझा अनुभव सांग’. पुढच्या वेळी सरांनी तुला विचारलं तर शांतपणे म्हण, “सर, आधी सगळ्यांनीच सांगू या ना, घरात पाहुण्याचं आडनाव कसं विचारतात ते.” आमच्या वर्गात हा तास दोन आठवडे चालला होता. ‘गाव कोणतं?’, मग ‘त्या गावातले कोणते?’, मग ‘अमक्या तमक्यांचे कोण?’ असे जात काढायचे सभ्य जिने पोरांनी फळ्यावर लिहिले. ज्यांना वाटत होतं की आपल्या घरी जात पाळत नाहीत, त्यांनीच सगळ्यात जास्त पायऱ्या सांगितल्या.

त्याच वर्गात मागच्या बाकावर टांझानियाचा एक विद्यार्थी बसायचा. पुण्यात परदेशी मुलं खूप, आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून, इराणमधून. आम्ही वंश या विषयावर तीन तास अमेरिका-अमेरिका करत होतो आणि तो ऐकत होता. चौथ्या तासाला त्याने हात वर केला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, मॅडम, कोथरूडमध्ये मला सोळा ठिकाणी खोली नाकारली, ती या प्रकरणात येते का? सगळा वर्ग गप्प. मग मणिपूरची एक मुलगी म्हणाली, मला खोली मिळाली, पण ‘वास येतो ते शिजवायचं नाही’ या अटीवर. मग लातूरचा एक मुलगा, त्याला ‘फक्त शाकाहारी कुटुंबाला’ ही पाटी लागली होती. एकच घरमालक, तीन वेगळे नकार. ऑगस्ट २०१२मध्ये हल्ल्यांच्या अफवांमुळे ईशान्येकडची हजारो माणसं पुणे-बंगळूर सोडून रेल्वेने निघून गेली, तेव्हा पुणे स्टेशनवरची ती गर्दी बघून मला त्याच वर्गाची आठवण झाली. खोलीची अट आणि स्टेशनवरची गर्दी यांच्यामध्ये फार अंतर नसतं.

जेवणाचं म्हणशील तर तो वेगळाच प्रबंध होईल. महाराष्ट्रात वसतिगृह ही गोष्टच या प्रश्नातून उभी राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून एकेका समाजाची वसतिगृहं उघडली, कारण बाहेरगावच्या पोराला शहरात कोणी खोली आणि ताट देत नव्हतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ला वेगळी वाट धरली: सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका चुलीवर, स्वयंपाकही त्यांनीच करायचा. दोन्ही माणसं मोठी, दोन्ही वाटांना कारणं होती. आजच्या मेसमध्ये ‘हे टेबल शुद्ध शाकाहारींसाठी’ असा कागद चिकटतो तेव्हा वाद शंभर वर्षांपूर्वीचाच असतो, फक्त विद्यार्थ्यांना तो सेल्फ-सर्व्हिसचा वाटतो.

स्वतःच्या अनुभवावर लिहू का? माझं मत: सुरुवात तिथून कर, पुरावा म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस. ‘हल्ली तेच चालतं’ हे सरांचं वाक्य मला आवडलं नाही. तुझं दुःख म्हणजे विभागाच्या अहवालासाठी ठेवलेला नमुना नव्हे. विद्यापीठांना असे नमुने फार आवडतात. एक जुना फोटो आहे, १८८५चा, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला. आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबूली त्यांच्या पोशाखात. तिघी एका रांगेत बसलेल्या. प्रवेशपुस्तिकेवरचा ‘विविधतेचा फोटो’ म्हणतात ना, त्याची ही पणजी. फोटो सुंदरच आहे, मी तो ऑफिसात लावला होता. पण त्याच कॉलेजातून १८६७लाच पदवी घेतलेल्या रिबेका कोल या कृष्णवर्णीय डॉक्टरबाई त्या फोटोइतक्या कोणाच्या लक्षात नाहीत. लांबून आलेली वेगळी माणसं फोटोत चालतात, शेजारची वेगळी माणसं तितकी चालत नाहीत. आणि आनंदीबाई १८८६ला पदवी घेऊन परतल्या, फेब्रुवारी १८८७मध्ये गेल्या, बाविशीसुद्धा गाठली नव्हती. थंडी, खाणं, आजारपण यातलं काही फोटोत दिसत नाही. तेव्हा तुझ्या अनुभवाचं लिखाण करताना फोटोला बसू नकोस. वही ठेव, तारीख घाल, काय झालं ते लिही, कसं वाटलं ते वेगळ्या शाईने. प्रबंधात त्यातलं किती द्यायचं ते शेवटी ठरव. न दिलंस तरी प्रबंध कमअस्सल होत नाही.

आकडेही हवेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२१-२२ला देशात ४.३३ कोटी विद्यार्थी होते, त्यात २.०७ कोटी मुली. म्हणजे जवळजवळ निम्म्या. या आकड्यावर भाषणं होतात. तू एवढंच विचार: त्या कोणत्या वर्गात आहेत आणि कोणत्या वर्षी गळतात? महाराष्ट्राने जुलै २०२४मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. चांगलं झालं. पण मेसचं बिल त्यात नाही, आणि परत तेच, गेट. विद्यापीठाकडून पाच वर्षांचे प्रवेशाचे आणि गळतीचे आकडे प्रवर्ग आणि लिंग यांप्रमाणे माहिती अधिकारात मागव. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. अर्जात ‘का’ विचारू नकोस, ‘किती’ विचार, नाहीतर ‘ही माहिती या व्याख्येत बसत नाही’ म्हणून कागद परत येतो. आणि प्रवेशाच्या फॉर्मवरच्या ‘इतर’ या लिंगाच्या चौकटीचं बघ. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ला तृतीयपंथीयांची ओळख मान्य केल्यापासून फॉर्मवर तिसरी चौकट आली, पण वसतिगृहाच्या इमारती दोनच राहिल्या. त्या चौकटीत खूण करणारा विद्यार्थी रात्री कुठे झोपतो हे विचारलं की ऑफिसात सगळे पंख्याकडे बघतात.

मुलाखती फक्त सोसणाऱ्यांच्या घेऊ नकोस, ही चूक मी स्वतः दहा वर्षं केली. रेक्टर, मेसचा ठेकेदार, फीचा क्लार्क, वॉचमन यांना भेट. नियम तेच चालवतात. मुलींची नावं बदल, खोली क्रमांक लिहू नकोस, गावही बदल. मुलाखतीआधी लेखी संमती घे आणि ‘मधेच नको वाटलं तर थांबू’ हे आधी सांग.

मुलाखती घेताना कोणी तुला छळाची गोष्ट सांगितली, तर तू संशोधक राहत नाहीस हे आधीच समजून ठेव. माझ्याकडे यायच्या त्यांतल्या निम्म्या म्हणायच्या, “मॅडम, तक्रार नाही करायची, फक्त सांगायचंय.” त्यांना सांगू दे. पण एक तारीख सांगून ठेव: लैंगिक छळाची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या नियमांनुसार विद्यार्थिनी, विद्यार्थी, तृतीयपंथी सगळ्यांना तिथे जाता येतं. रॅगिंगसाठी वेगळी समिती आणि १८००-१८०-५५२२ हा देशभरचा क्रमांक. जातीवरून त्रास असेल तर समान संधी कक्ष. चुकीच्या दारात गेलं की तीन महिने तिथेच संपतात, मी दोनदा बघितलंय.

इंग्रजीचं शेवटी, कारण ते मला सगळ्यात कमी काळजीचं वाटतं. पेपर मराठीत लिहायची मुभा आहे, ती घे. वर्गातही मराठीत बोल. ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ला मराठीत लिहिली. मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध लिहिला तोही मराठीतच, १८५५मध्ये. या विषयाचा पहिला अभ्यासक्रम आपल्या भाषेतच झालाय. इंग्रजी वाचन मात्र सोडू नकोस. रोज दोन पानं, हातात पेन्सिल घेऊन, आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक ओळ. एका सत्रात फरक पडतो.

आता कामाचं. मुलगे, मुली, घरून येणारे, नोकरी करणारे अशा बारा जणांना वह्या दे, सोमवार ते रविवार. त्या आठवड्यात सण नको, परीक्षा नको. आणि वॉचमनकाकांची मुलाखत दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून घे, सुट्टीत त्यांची पाळी बदलते. गेट बंद झाल्यावर येणाऱ्या मुलींची नावं ज्या वहीत लिहितात ती त्यांच्याच टेबलाच्या खणात असते. वही वाचायला मागू नकोस, त्यात मुलींची नावं आहेत. फक्त विचार, ‘उशिराचं कारण’ या रकान्यात मुली काय लिहितात. आमच्या वसतिगृहात त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा ‘लायब्ररी’ असं लिहिलेलं असायचं.